द्राक्षवेल, मोरचूद आणि गाईचे शिंग

श्रावणात सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याला लागले, की नान्नजच्या आसपास द्राक्षबागा दिसू लागतात. पावसाळ्यात वेलीची पाने हिरवीगार असावयास हवीत. पण पुष्कळ बागांत ती निळसर-पांढरी दिसतात, जणू कोणी त्यांच्यावर चुन्याची निवळी शिंपडली आहे. चुना त्यात आहेच. निळी छटा आहे ती मोरचुदाची. चुना व मोरचूद यांच्या या फवाऱ्याला बोर्डो मिश्रण म्हणतात.

आता समजा, एखाद्या बागेच्या फाटकावर ‘सेंद्रिय द्राक्षे’ अशी पाटी आहे आणि आतल्या वेलींवर हाच निळा फवारा आहे. मालक आपल्याला फसवतो आहे, असे म्हणावे काय? तसे म्हणता येणार नाही. सेंद्रिय शेतीच्या बहुतेक नियमावल्यांत बोर्डो मिश्रण मर्यादित प्रमाणात चालते. पण मोरचूद तर पोटात गेल्यास विषारी असणारे रसायन आहे. मग ‘सेंद्रिय’ या शब्दाचा अर्थ काय राहिला? हा प्रश्न नीट समजून घ्यावयाचा, तर आधी द्राक्षवेलीची आणि सोलापूरच्या हवेची ओळख करून घ्यावी लागेल.

सोलापूर जिल्हा म्हटला की मंगळवेढ्याची ज्वारी आणि चादरी आठवतात. पाऊस बेताचा, वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही लहरी. अशा जिल्ह्यात द्राक्षाने पाय रोवले ते ठिबक सिंचनाच्या आणि शेतकऱ्यांच्या चिकाटीच्या जोरावर. नान्नजचे बागायतदार नानासाहेब काळे यांनी थॉम्पसन सीडलेस या जातीतून लांबट मण्यांची ‘सोनाका’ ही जात निवडून वाढवली. ‘शरद सीडलेस’ ही काळ्या द्राक्षाची जातही त्यांचीच. जिल्ह्यातील बरीच द्राक्षे खाण्यासाठी विकली जातात, बरीच वाळवून बेदाणा होतो. २००० नंतरच्या दशकात माळशिरस तालुक्यात अकलूजजवळ, मोटेवाडी, गारवाड आणि निमगाव येथे, युरोपातून आणलेल्या वाइनच्या द्राक्षजातींची लागवड झाली. इटलीतील दोन भाऊ आणि भारतातील दोन कुटुंबांतले भाऊ यांनी मिळून हा उद्योग उभारला, म्हणून त्याचे नावही ‘फ्रातेल्ली’. इटालियन भाषेत या शब्दाचा अर्थच ‘भाऊ’. वाइन हे मद्य आहे, तेव्हा तिची चव सांगत बसण्याचे या पानांवर कारण नाही. परंतु वाइनचे द्राक्ष आणि खाण्याचे द्राक्ष यांच्या शेतीत जो फरक आहे, तो आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. त्याकडे पुढे वळूच.

न झोपणारी वेल

युरोपात द्राक्षवेल वर्षातून एकदा झोपते. हिवाळ्यात पाने गळतात, बर्फ पडतो, वेल निपचित पडून राहते; वसंतात फुटते आणि शरदात पिकते. सोलापूरला कडाक्याची थंडी नाही. तेथे वेलीला झोप लागतच नाही, ती वर्षभर वाढत राहते. म्हणून आपल्याकडे कात्रीने तिला शिस्त लावावी लागते. एप्रिलच्या सुमारास पहिली छाटणी करतात, तिला खरड छाटणी म्हणतात. तिच्यानंतर नव्या काड्या येतात आणि त्या काड्यांवरील डोळ्यांत, डोळ्यांना न दिसणारे, पुढच्या हंगामाचे घड आकार घेऊ लागतात. ऑक्टोबरच्या सुमारास दुसरी, म्हणजे गोडी छाटणी होते. तिच्यानंतर ते डोळे फुटतात, घड बाहेर पडतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्ष तयार होते.

याचा एक फायदा असा, की सोलापूरचे द्राक्ष कोरड्या हवेत पिकते. युरोपात पीक काढणीला येते तेव्हा शरदाच्या पावसाची टांगती तलवार असते; आपल्याकडे मण्यात पाणी उतरते तेव्हा आभाळ बहुधा निरभ्र असते. तोटा असा, की एप्रिल छाटणीनंतरची सारी पालवी भर पावसाळ्यात उभी असते, आणि गोडी छाटणीनंतरचे कोवळे फुटवे परतीच्या पावसाच्या तावडीत सापडतात. याच कोवळ्या अवस्थेत केवडा येतो.

केवड्याला पोहावे लागते

नाव सुगंधी असले तरी हा केवडा रोग आहे. पानाच्या वरच्या बाजूला तेलाच्या डागासारखे पिवळे ठिपके पडतात आणि खालच्या बाजूला पांढरी लव येते. फुलोऱ्यातील घडावर तो आला तर अख्खा घड करपून वाळतो. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान चक्रीवादळाच्या सुमारास महाराष्ट्रात अवकाळी पाऊस झाला, तेव्हा केवड्याने द्राक्षबागांचे अतोनात नुकसान केले.

या रोगाच्या जंतूचे शास्त्रीय नाव प्लाझ्मोपारा व्हिटिकोला. पूर्वी त्याला बुरशी म्हणत. आता शास्त्रज्ञ त्याला खऱ्या बुरशीत धरत नाहीत, शेवाळाच्या दूरच्या नातलगांत बसवतात. नात्यागोत्याचा हा तपशील निरुपयोगी वाटेल, पण तसा तो नाही. या जंतूचे बीजाणू चक्क पोहतात. प्रत्येकाला दोन शेपट्या असतात. पानावर पाण्याचा पातळ थर असेल तर ते त्यात पोहत पानाच्या एखाद्या रंध्रापाशी पोचतात, तेथे शेपट्या टाकून देतात आणि रंध्रातून आत मुळी घालतात. पाण्याचा थर नाही, तर पोहणे नाही. पोहणे नाही, तर रोगाची लागण नाही. पान काही तास ओले राहिले आणि हवा वीस-पंचवीस अंशांच्या घरात असली, की काम झाले.

भुरी हा दुसरा रोग मात्र खऱ्या बुरशीचा. तिला ओल्या पानाची गरज नाही. ढगाळ, सौम्य हवा आणि दाट सावली तिला पुरते. तिच्यावर गंधक चालते. पण पारा पस्तीस अंशांच्या वर गेला असता गंधकाने पाने भाजतात, आणि सोलापूरला पारा पस्तिशी ओलांडण्यास फार वाट पाहावी लागत नाही.

चोरांपासून मिळालेले औषध

केवडा मूळचा अमेरिकेतला. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधील द्राक्षवेलींच्या मुळांना फिलॉक्सेरा नावाच्या किडीने ग्रासले, तेव्हा तिला दाद न देणारे अमेरिकन द्राक्षाचे खुंट तिकडे नेण्यात आले. त्यांच्याबरोबर केवडाही गेला. १८७८ मध्ये तो फ्रान्समध्ये आढळला. अमेरिकेतील रानवेलींनी हजारो वर्षे या रोगाशी झुंज देऊन स्वतःत प्रतिकारशक्ती आणली होती. युरोपच्या वेलीने त्याला कधी पाहिलेच नव्हते, त्यामुळे ती पटापट बळी पडली. आपण लावतो त्या जातीही बहुतेक युरोपच्या याच वेलीच्या कुळातल्या.

१८८२ साली बोर्डो विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांना मेदोक भागात एक चमत्कारिक गोष्ट दिसली. बागेतल्या बाकीच्या वेलींची पाने रोगाने झडली होती, पण रस्त्याकडेच्या वेली मात्र हिरव्या होत्या. चौकशी केल्यावर कळले, की येणारे-जाणारे द्राक्षे तोडून खातात म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद व चुना यांचे निळे, कडवट मिश्रण शिंपडण्याची तिकडे पद्धत आहे. मिलार्दे यांनी रसायनशास्त्रज्ञ गेयाँ यांच्या मदतीने प्रयोग केले आणि १८८५ मध्ये ते प्रसिद्ध केले. चोरांसाठी केलेला बंदोबस्त जगभर औषध झाला.

त्याचे रसायनशास्त्र शाळेतल्या मुलांना समजण्यासारखे आहे. नुसते मोरचूद फवारले तर ते पाण्यात पूर्ण विरघळते, आम्लधर्मी असते आणि पाने जाळते. चुना मिसळला की तांब्याचे जवळजवळ न विरघळणारे संयुग तयार होऊन पानावर चिकटून बसते. दवाने किंवा पावसाने पान भिजले की त्यातून तांब्याचे आयन अगदी थोडे थोडे सुटतात. आपला पोहणारा बीजाणू त्या पाण्यात सापडला की मरतो. मिश्रण बरोबर झाले की नाही हे पाहण्याची शेतकऱ्याची जुनी कसोटी म्हणजे त्यात लोखंडी सुरी किंवा विळा बुडवून पाहणे. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे असे समजावे. लोखंड तांब्याला द्रावणातून हाकलून देते, ही विस्थापन अभिक्रिया तुमच्या पुस्तकात आहेच. (हे करून पाहावयाचे असेल तर शिक्षकांसमोर, आणि हात धुतल्यावाचून कशालाही हात लावू नये.)

आता थोडे गणित. मोरचुदाच्या स्फटिकाचे सूत्र लक्षात घेता तांबे ६३.५, गंधक ३२, ऑक्सिजन ६४ आणि पाणी ९० मिळून रेणुभार २४९.५ येतो. म्हणजे मोरचुदात वजनाने सुमारे चौथा हिस्सा तांबे. एक टक्का बोर्डो मिश्रण म्हणजे १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद. पूर्ण वाढलेल्या बागेला हेक्टरी १००० लिटर फवारा लागतो असे धरले, तर १० किलो मोरचूद, म्हणजेच एका फवारणीत अडीच किलो तांबे. युरोपीय संघाने २०१८ साली तांब्यावर मर्यादा घातली: सात वर्षांत हेक्टरी २८ किलो, म्हणजे वर्षाला सरासरी ४ किलो. एक टक्क्याच्या दोन फवारण्यांतच ती ओलांडली जाते! म्हणूनच हल्ली अर्धा टक्का किंवा त्याहून पातळ मिश्रण वापरण्याकडे कल आहे.

आणि हे तांबे जाते कोठे? कोठेच नाही. कीटकनाशकांचे रेणू ऊन, पाणी व जिवाणू यांच्यामुळे आज ना उद्या तुटतात. तांबे हे मूलद्रव्य आहे. ते तुटणार कसे? पानावरून धुपून ते मातीत उतरते आणि चिकणमातीच्या व कुजलेल्या पाल्याच्या कणांना घट्ट धरून बसते. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या पंधरा सेंटिमीटर थराचे वजन सुमारे २० लाख किलो भरते. वर्षाला ४ किलो तांबे म्हणजे दर किलो मातीत २ मिलिग्रॅमची भर. पन्नास वर्षांत १०० मिलिग्रॅम! युरोपातील जुन्या बागांत अशी तांब्याची पुंजी साठली आहे, आणि गांडुळांना व मातीतील सूक्ष्म जीवांना ती बाधते. सोलापूरच्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत तांबे कमी विरघळते, त्यामुळे अपाय उशिरा दिसतो इतकेच. साठा काही कमी होत नाही. तेव्हा ‘सेंद्रिय’ म्हणजे ‘निर्विष’ नव्हे. सेंद्रिय शेती कारखान्यात बनवलेली कृत्रिम कीटकनाशके व खते टाळते. खनिज विषांना ती मोजून परवानगी देते.

फवारा कमी कसा होईल?

खरा प्रश्न कोणता फवारा हा नसून किती वेळा हा आहे. येथे वाइनच्या द्राक्षाचे उदाहरण उपयोगी पडते. बाजारात खाण्याच्या द्राक्षाचा मणी मोठा, लांबट, डाग नसलेला आणि बिनबियांचा हवा असतो. द्राक्षाचा मणी फुगतो तो मुख्यतः बियांतून येणाऱ्या जिबरेलिन या संप्रेरकामुळे. बीच नाही म्हटल्यावर संप्रेरक कोठून येणार? म्हणून बिनबियांच्या घडांना जिबरेलिक आम्लाच्या द्रावणात बुडवावे लागते. वाइनच्या द्राक्षाला बिया असतात. शिवाय वाइनचा रंग व स्वाद सालीत असतो, आणि मणी लहान असेल तितकी रसाच्या मानाने साल जास्त. त्यामुळे तेथे मणी फुगवण्याचा खटाटोप मुळातच नको असतो. मण्यावरचा एखादा डागही खपतो, कारण ते द्राक्ष कोणी ताटात मांडणार नसते.

संप्रेरकांचा खेळ कसा अंगाशी येतो, हे २०१० साली दिसले. एप्रिल छाटणीनंतर काडीची वाढ रोखून डोळ्यांत घड धरावेत यासाठी क्लोरमेक्वाट नावाचे वाढरोधक वापरत. ते वेलीच्या लाकडात महिनोन्महिने टिकते. त्या वर्षी युरोपात पोचलेल्या भारतीय द्राक्षांत त्याचे अवशेष मर्यादेपेक्षा जास्त सापडले, माल अडकला आणि निर्यात करणाऱ्या बागायतदारांना जबर फटका बसला. घडावर शेवटचा फवारा कधी मारला एवढेच पाहून भागत नाही, दहा महिन्यांपूर्वी काडीवर काय मारले तेही फळात उतरते, हा धडा महागात पडला. आज निर्यातीच्या बागांची नोंदणी होते आणि नमुने प्रयोगशाळेत तपासले जातात. त्या कामातील राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात आहे.

पान कोरडे ठेवणे हे केवड्यावरचे सर्वांत स्वस्त औषध. जास्तीचे फुटवे वेळीच काढले, घडाभोवतीची दोन-चार पाने खुडली, तारांवर काड्या उभ्या बांधल्या, की वारा खेळतो आणि सकाळचे दव लवकर उडते. वाइनच्या बागांत वेलींची अशी उभी भिंतच तयार करतात. परतीच्या पावसाचा अंदाज पाहून गोडी छाटणी आठ-पंधरा दिवस पुढे ढकलणे हाही एक उपाय, मात्र तो करणाऱ्याला बाजारात उशीर होतो आणि उशिराच्या मालाला कोणता भाव मिळेल याची हमी नसते. सल्ला देणाऱ्यांना हा हिशेब फारसा आठवत नाही.

किडींचेही असेच. पिठ्या ढेकूण हा द्राक्षाचा मोठा शत्रू. तो सालीखाली लपतो, चिकट गोड स्राव सोडतो, आणि त्या स्रावाच्या लोभाने मुंगळे त्याचे राखणदार बनतात. त्याला खाणारा क्रिप्टोलेमस नावाचा एक छोटा भुंगेरा १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियातून भारतात आणण्यात आला. तो बागेत सोडला, तर पिठ्या ढेकूण फस्त करतो. परंतु त्याच आठवड्यात जहाल कीटकनाशक मारले तर आधी मरतो तो हा मित्र. सैल साल खरवडून काढणे, मुंग्यांना खोडावर चढू न देणे, मग भुंगेरा सोडणे आणि एवढ्याने न भागल्यास निवडक औषध, अशा क्रमाने चालणाऱ्या पद्धतीला एकात्मिक कीडनियंत्रण म्हणतात. ती पूर्णपणे सेंद्रिय नाही. पण अनेकदा जमिनीवर विषाचा भार तिच्यात कमी पडतो.

जमिनीखालचा भाग मात्र सोलापूरला जास्त चिंतेचा. विहिरी-बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी खारट. उन्हाळ्यात बाष्पीभवनाने क्षार वर येतात आणि वेलीची पाने कडेने करपतात. यासाठी क्षार व पाण्याचा ताण सोसणाऱ्या डॉगरिजसारख्या अमेरिकन कुळातील खुंटावर आपली जात कलम करतात. जोडीला उसाचे पाचट. सोलापूर हा साखर कारखान्यांचा जिल्हा. पाचट जाळण्याऐवजी वेलीच्या ओळीत पसरले तर जमीन सावलीत राहते, पाणी वाचते, क्षार कमी वर येतात आणि पाचट कुजून मातीत मिसळते. पाला-शेण शास्त्रशुद्ध रीतीने कुजवण्याची ‘इंदूर पद्धत’ आल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या संशोधन संस्थेत बसवली. सेंद्रिय शेतीच्या जागतिक चळवळीचे एक मूळ असे भारतीय शेतकऱ्याच्या उकिरड्यापर्यंत पोचते.

शिंगातले शेण

जैवगतिक शेती ही सेंद्रिय शेतीची एक शाखा. ऑस्ट्रियन तत्त्वचिंतक रुडॉल्फ श्टायनर यांनी जून १९२४ मध्ये कोबरविट्झ या गावी (ते आता पोलंडमध्ये आहे) शेतीवर आठ व्याख्याने दिली, त्यांतून ती निघाली. शेत म्हणजे एक सजीव देह; त्याला लागणारे खत त्याच्याच गाईगुरांकडून यावे, हा तिचा गाभा. तो कोणालाही पटावा. परंतु त्याबरोबर काही विधी येतात. गाईच्या शिंगात शेण भरून ते हिवाळाभर जमिनीत पुरावयाचे. मग त्यातले मूठभर शेण पाण्यात घालून तासभर उलटसुलट ढवळावयाचे आणि शेतावर शिंपडावयाचे. चंद्राची स्थिती पाहून पेरणी-छाटणी करावयाची. जगातील काही नामांकित वाइन उत्पादक हे सारे निष्ठेने करतात.

याला हसण्याची गरज नाही, आणि डोळे मिटून मानण्याचीही नाही. तपासण्याची रीत आहे. एकाच बागेत, एकाच जातीच्या, एकाच वयाच्या वेलींचे तुकडे पाडावयाचे. काहींना नुसते कंपोस्ट, काहींना कंपोस्ट आणि शिंगातले शेण. कोणत्या तुकड्याला काय, हे चिठ्ठ्या टाकून ठरवावयाचे, म्हणजे चांगली जमीन आपल्या आवडत्या पद्धतीच्या वाट्याला जाणार नाही. मग वर्षानुवर्षे मोजत राहावयाचे. कॅलिफोर्नियात मर्लो जातीच्या बागेत १९९६ पासून असा प्रयोग झाला. पहिल्या सहा वर्षांत दोन्ही तुकड्यांच्या मातीच्या गुणवत्तेत फरक आढळला नाही. जर्मनीत गायझेनहाइम येथेही सेंद्रिय आणि जैवगतिक यांच्यात फारसे अंतर दिसले नाही. दोन्हींचे उत्पन्न मात्र रासायनिक साधने वापरणाऱ्या तुकड्यांपेक्षा कमी आले. स्वित्झर्लंडमध्ये १९७८ पासून धान्ये, बटाटे इत्यादी पिकांवर चाललेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले: सेंद्रिय व जैवगतिक शेतांचे उत्पन्न सुमारे वीस टक्क्यांनी कमी, परंतु माती अधिक सजीव आणि खते व ऊर्जा यांचा खर्च बराच कमी. यावरून असे दिसते, की गुण आहे तो कंपोस्टचा. शिंगाचे श्रेय अजून सिद्ध व्हावयाचे आहे. आपल्याकडील जीवामृतालाही हीच कसोटी लावावी. त्यासाठी मोठी प्रयोगशाळाच हवी असे नाही. श्री. अ. दाभोळकर यांच्या ‘प्रयोग परिवारा’त तासगाव भागातले द्राक्षबागायतदार स्वतःच्या बागेत मोजमाप करून एकमेकांना निष्कर्ष कळवीत असत.

मोजण्यासारखे आणखी एक काम पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत झाले आहे. तेथे अमेरिकन कुळातील ‘कॅटॉबा’ आणि युरोपीय कुळातील ‘ब्यूटी सीडलेस’ यांच्या संकरातून ‘एआरआय-५१६’ ही जात तयार करण्यात आली. ज्या अमेरिकन रानवेलींबरोबर केवडा जगात पसरला, त्यांच्याच रक्तातली प्रतिकारशक्ती तिच्यात आली आहे, त्यामुळे बुरशीजन्य रोगांचा तिला उपद्रव कमी. रस, बेदाणा, वाइन यांसाठी ती उपयोगी आहे. पण मण्यात बिया आहेत आणि चव-वास थोडा निराळा आहे. बिनबियांच्या लांबट मण्याला सोकावलेल्या गिऱ्हाइकाने ती उचलली, तरच नान्नजच्या रस्त्यावरची पाने श्रावणात थोडी अधिक हिरवी दिसतील.